तोंड पाडून केलेली सोयरीक

पाहुण्यांची जीप यायला अजून अवकाश होता, तेवढ्यात जानरावांनी घरातल्या सगळ्यांची तोंडं एकदा तपासून घेतली.

"कोनी हसायचं नाई," ओसरीवरून त्यांनी हुकूम सोडला. "आपल्याले पोरगी पसंत हाय, मानसं पसंत हायेत, सारं पसंत हाय. म्हनूनच सांगून राह्यलो. कोनाचे दात दिसले नाई पायजे."

"बाबा, पाहुने हायेत थे. जराक तरी..." हरीओम म्हणाला.

"जराक बी नाई. शुभाचं काम हाय."

हरीओमनं तोंड पाडलं. या घरात जन्मलेल्या माणसाला शिकवल्याशिवायच तसं तोंड येतं. अख्खं किन्हीराजा या घराला माघारी 'आंबटतोंडे' म्हणतं आणि घरच्यांना ते माहीत आहे. त्यांना त्याचं वाईट वाटत असेल तर चेहऱ्यावरून कळायची सोय नाही. जानरावांचे वडील एकदा कमरेवर हात ठेवून, भरल्या ज्वारीकडे पाहत बांधावर मोठ्यानं हसले होते. दुसऱ्या दिवशी गारपीट झाली. झाली ती साऱ्या शिवारावर, पण हसले होते हे एकटेच, त्यामुळे दोष यांच्या पदरात पडला. तेव्हापासून आनंद झाला की तोंड पाडायचं, आणि आनंद जितका मोठा तितकं तोंड खाली, असा घरचा रिवाज. दुःखातही तेच तोंड चालवून घ्यायचं, कारण रडणाऱ्याला पाहायला शेजारी टपूनच असतात.

या तोंडानं हरीओमचा एकदा घात केला होता आणि एकदा भलं केलं होतं, दोन्ही एकाच दिवशी. विंचू चावून तो दवाखान्यात गेला, तेव्हा नर्सनं त्याच्यासमोर तोंडांची चित्रं असलेला तक्ता धरला. एका टोकाला हसरं तोंड, दुसऱ्या टोकाला ढसाढसा रडणारं, मधे पायरीपायरीनं उतरत गेलेली. किती दुखतं त्यावर बोट ठेवा, ती म्हणाली. परक्या पोरीसमोर रडक्या तोंडावर बोट ठेवायचं कसं? हरीओमनं हसऱ्यावर ठेवलं आणि बाकावरून खाली कोसळला. शुद्धीवर आला तेव्हा ती नर्स त्याला झापत होती. भुवया, डोळे, नाक, हनुवटी, सगळं एकदम झापत होतं. एका माणसाच्या चेहऱ्यात इतकं काही असतं हे त्याला तोवर ठाऊक नव्हतं. ती मंजू.

मंजू बंजारा तांड्यावरची, हरीओम कुणब्याचा. त्यावरून दोन्हीकडे जे व्हायचं ते सगळं झालं होतं. दोन वर्षं गेली, भावकी रुसली, रुसून थकली, आणि अखेर जातीचं भांडण एकदाचं मिटलं. आज मंजूचे आईवडील घर पाहायला येणार होते. मन भरलं तर आजच सुपारी फोडायची, असं ठरलं होतं. पण मंजूनं काल फोनवर स्पष्ट सांगितलं होतं.

"माह्या आत्याले अशाच एका घरी देल्लं होतं, हरीओम. कोनाच्या मनात नव्हतं. तिच्याशी कोनी चांगल्या तोंडानं बोललंच नाई. माह्या मायनं परत येऊन सांगतलं का थ्या लोकाईच्या मनात नाई, तं मी येनार नाई. तू कितीबी चांगला असशीन तरी नाई."

"आमच्या घरी कोनी हसत नाई, पन मनातून..." हरीओमनं सांगायचा प्रयत्न केला होता.

"सारेच तुह्यासारखे? असं कुठं असते काय!" म्हणून ती हसत सुटली होती. आणि आपल्या तांड्यावर कसं भेटतात ते तिनं त्याला सांगितलं नव्हतं, कारण ते सांगण्यासारखं काही आहे असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आपल्या घरची पद्धत ही पद्धत असते, हे दुसऱ्याच्या दारात गेल्याशिवाय कोणाला कळत नाही.

आत स्वयंपाकघरात योगिनी पुरण वाटत होती. हरीओमहून पुष्कळ थोरली ही बहीण काल शेलूबाजारहून आली होती, लेकीला संस्कृतीला घेऊन. कस्तुराबाई शेजारी बसून भज्यांचं पीठ कालवत होत्या. मायलेकी सकाळपासून मीठ, तेल आणि गॅस याखेरीज बोलल्या नव्हत्या.

"माय, इहीनबाई आल्या का जरा बोलजो. खांब होऊन उभी नको राहू."

"बोलीन न."

"तू बोलशीन?" योगिनीनं पुरणाचा गोळा जरा जोरातच दाबला. "पाहू मंग."

कस्तुराबाईंनी पिठात ओवा टाकला. योगिनी कशाबद्दल बोलते आहे हे त्यांना कळलं होतं, आणि कळलेलं त्यांनी नेहमीप्रमाणे चेहऱ्यापर्यंत येऊ दिलं नाही.

"आजी, मी कशी दिसते?" संस्कृती दारात उभी राहून हसली. ती पुण्यात मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षात कामाला लागली होती. तिथं महिनाभर आरशासमोर उभं करून हसायला शिकवलं होतं, आणि ते हसू आता झोपेतही उतरत नव्हतं.

"तोंड मिट," आजी म्हणाली.

"मिटलंय की," संस्कृती हसत म्हणाली.

*

गोमतीबाईंना रात्रभर झोप नव्हती. तांड्यावरच्या बाया म्हणत होत्या, कुणब्याचं घर, उंबऱ्याच्या आत तरी घेतील का बघा. नवरा लखीराम म्हणत होता, पाहू. मुलगा राजपाल तर पहिल्यापासूनच विरोधात होता. तो फक्त खात्री करून घ्यायला निघाला होता.

जीप थांबली. गोमतीबाई पदर सावरत उतरल्या तर समोर कस्तुराबाई, हातात पाण्याचा लोटा. त्यांनी काही न बोलता वाकून स्वतःच्या हातानं गोमतीबाईंच्या पायांवर पाणी घातलं, कुंकू लावलं, आणि बाजूला होऊन उंबऱ्याची वाट मोकळी करून दिली.

गोमतीबाईंचं काळीज भरून आलं. रात्रभरची भीती त्या पाण्यासोबत वाहून गेली. ही आपली बाई, त्यांनी मनाशी ठरवलं, आणि आपल्या बाईला भेटतात तसं भेटायला त्या पुढे झाल्या. कस्तुराबाईंच्या गळ्यात पडल्या, डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि सूर लावून रडू लागल्या. तांड्यावर बहीण बहिणीला भेटते, लेक मायला भेटते ती अशीच. त्या रडण्यात सगळं येतं, वाट किती लांब होती, मधे कोण कोण गेलं, जीव किती लागून राहिला होता. परक्यासाठी असं कोणी रडत नाही.

आता दुसरीनं सुरात सूर मिसळायचा असतो. गोमतीबाईंनी थोडी वाट पाहिली, एक कडवं जास्तच रडून घेतलं. पण कस्तुराबाई खांबासारख्या ताठ, लोटा धरलेला हात तसाच हवेत.

"अवं, झालं काय? कोन गेलं?" जानराव धावत आले. दारात, शुभाच्या दिवशी, भर दुपारी रडणं! त्यांनी मनातल्या मनात कुलदैवताला नारळ कबूल केला.

"कोनी नाई गेलं," लखीराम म्हणाला. "भेटून राह्यली."

"कोनाले?"

"तुमच्या घरच्याईले."

जानरावांना काही उलगडलं नाही. गोमतीबाईंचा सूर हळूहळू खाली आला आणि थांबला. त्यांनी डोळे पुसले. असं एकटीनं रडायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात कधी आली नव्हती, आणि त्यांना फार लाजल्यासारखं झालं.

*

बैठकीत सतरंजी टाकली होती. एका बाजूला लखीराम आणि राजपाल, दुसऱ्या बाजूला जानराव आणि हरीओम. गोमतीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या, अजून नाक पुसत.

"घर नवं बांधलं वाटते," लखीरामनं सुरुवात केली.

"बांधलं कायचं. स्लॅब गळते."

हरीओमनं वर पाहिलं. स्लॅब त्यानं स्वतः उभं राहून घालून घेतला होता आणि एक थेंब गळत नव्हता.

"तूर कशी हाय यंदा?"

"कायची तूर, भाऊ! खराटे उभे हायेत नुसते वावरात."

"अन पोरगा? कामाचा हाय म्हंते मंजू."

"हाय आपला. खाते-पेते."

राजपालनं बापाकडे पाहिलं. लखीरामनं चहाचा घोट घेतला आणि ज्यासाठी इतक्या लांबून आले होते तो प्रश्न सरळ विचारला.

"जानरावभाऊ, मोकळं बोलू. आमची मंजू तुमाले कशी वाटते?"

आता खरं सांगायचं तर मंजूनं जानरावांना एकदाच पाहिलं होतं, दवाखान्यात, आणि बीपीच्या गोळ्या बुडवल्याबद्दल सगळ्यांदेखत दटावलं होतं. जानरावांना इतका आनंद झाला होता की घरी कोणाला न सांगता ते सरळ गोठ्यात गेले आणि बैलाला सांगितलं. तेव्हापासून गोळी चुकली नव्हती. आज ती पोरगी घरात येणार म्हणून सकाळपासून त्यांच्या छातीत हलगी वाजत होती. दृष्ट लागायला यापेक्षा मोठं निमित्त काय असणार? त्यांनी भुवया खाली ओढल्या, ओठांचे कोपरे खाली ओढले, हनुवटी छातीला टेकवली, आणि पोटातून एक लांब सुस्कारा सोडला.

"नर्स हाय," ते म्हणाले. "सुया टोचते. आता पोट्ट्यानं ठरवलं तं काय करता? नशिबात असन थे होईन."

त्या घराच्या इतिहासात एखाद्या सुनेचं इतकं कौतुक आजवर झालं नव्हतं. हरीओमला ते कळलं आणि त्याचे डोळे भरून यायचे बाकी होते. पलीकडे गोमतीबाईंनी मात्र पदर तोंडाला लावला. आता हे रडणं वेगळं होतं, बिनसुराचं.

नेमकी तेव्हाच संस्कृती पाण्याचा ट्रे घेऊन आली. गोमतीबाईंसमोर वाकली आणि वरचे सगळे दात दाखवत म्हणाली, "काकू, पाणी घ्या ना."

"हसायले काय झालं?" राजपाल कडाडला.

पाहुणा चिडला की आवाज हळू करायचा आणि हसू रुंद करायचं, हे संस्कृतीला पाठ होतं. "तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल आम्हाला खेद आहे, दादा," ती आणखी दोन दात काढून म्हणाली.

"पाह्य बा! खेद हाय म्हंते अन दात काढते!" राजपाल उठलाच. "माह्यी माय रडून राह्यली, हे पोट्टी हसून राह्यली, बाकीचे तं मयताले बसल्यासारखे बसले हायेत. आनखी काय पाह्यचं ठेवलं? चाला."

"राजपालभाऊ, आयका तं..." हरीओम उठला.

लखीराम सावकाश उठला. त्यानं हात जोडले. "राग नाई, जानरावभाऊ. पन माह्यी पोरगी मले जड नाई झाली. तिले नशीब म्हनून घरात घेऊ नका."

"जेवन तं करून..." आतून योगिनी धावत आली. पुरणाच्या पोळ्यांची चळत ओट्यावर तशीच होती. पण जीपचं दार लागलं, धूळ उडाली, आणि ओसरीवर आंबटतोंड्यांचं घराणं उभं राहिलं. आता त्या तोंडांना पहिल्यांदाच योग्य कारण मिळालं होतं.

*

हरीओमचा फोन वाजला. मंजू.

"काय केलं तुमी माह्या मायले?"

"काईच नाई! थे आल्याबरोबर रडायलेच लागली..."

"रडत होती तं चांगलंच होतं ना, येड्या! आता फोन लावला तं गप्प हाय. एक शब्द बोलत नाई. ती कोनाले तरी धरून रडली, अन कोनी तिच्यासंगं रडलं नाई?"

"रडायचं असते?"

मग मंजू म्हणाली, "हरीओम, राहू दे आता," आणि फोन बंद झाला.

हरीओम पायरीवर बसला. त्याचं तोंड नेहमीसारखंच होतं, पण बंद झालेला फोन त्यानं तसाच कानाला धरला होता. योगिनीनं ते पाहिलं आणि ती बापाकडे वळली.

"बाबा, तुमाले पोरगी नको होती काय?"

"नको?" जानराव दचकले. "माह्या डोक्शात तं नातवाच्या बारशाचं जेवन फिरून राह्यलं होतं!"

"मंग थे तोंड कायचं? 'सुया टोचते'! असं बोलते काय कोनी?"

"आनंदच येवढा होता, योगे. थो झाकता झाकता दम लागला मले."

"इतका झाकला का पोट्ट्याचं लग्न मोडलं. झाका आता, आनखी झाका!" योगिनीचा आवाज चढला, आणि बोलता बोलता ती कधी बापाकडून मायकडे वळली ते तिलाही कळलं नाही. "अन तू! थ्या बाईनं तुह्या गळ्यात जीव टाकला, तुनं साधा पाठीवर हात नाई ठेवला. तुह्याजोगी तूच. माह्या पाठवनीले बी अशीच उभी होती. साऱ्या बाया रडत होत्या, शेजारीन रडली, माह्यी माय तेवढी कोरडी. शेलूले सासरच्या बाया विचारत होत्या, सावत्र हाय काय वं तुह्यी माय? काय सांगू त्याईले? बावीस वर्सं झाले, मले अजून माहीत नाई काय सांगायचं."

संस्कृतीसुद्धा तोंड मिटून उभी होती.

कस्तुराबाईंनी लेकीकडे पाहिलं. "भजे थंडे झाले," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या.

*

जीप पांदणीतून बाहेर पडून डांबरीला लागली होती. येताना लखीराम रस्त्याच्या बाजूला बसला होता, आता शेताच्या बाजूला. वाटेत निळ्या टाकीचं वावर लागलं. सकाळीच मंजूनं बजावलं होतं, निळी टाकी दिसली की गाव आलं समजा, ते वावर त्यांचंच.

"थांब रे," लखीराम म्हणाला.

"आता काय?" राजपाल वैतागला.

लखीराम उतरला. माणूस आत शिरला तर दिसणार नाही अशी तूर उभी होती. फांद्या शेंगांच्या भारानं वाकलेल्या. त्यानं एक शेंग तोडली, सोलली, दाणे दाताखाली फोडले. मग तो बांधावर उभा राहिला आणि पोट धरून हसायला लागला. जानरावांनी पाहिलं असतं तर त्यांचा जीवच गेला असता.

"गोमते," तो जीपजवळ येऊन म्हणाला, "मागच्या साली तुह्या भावानं सोयाबीन कसं झालं म्हनून विचारलं, तवा मी काय सांगतलं होतं?"

अखेर गोमतीबाई बोलल्या. "मातेरं झालं म्हनून सांगतलं."

"अन झालं होतं?"

"कायचं! पोते ठेवाले घरात जागा नव्हती."

"मंग? भरल्या पिकाचं कोनता शेतकरी चांगलं सांगते? हे पाह्य याची तूर, अन म्हंते खराटे." त्यानं एक फांदीच मोडून घेतली. "तुरीचं बोलतांना त्याचं तोंड इतकं पडलं होतं. स्लॅबचं बोलतांना इतकं. अन मंजूचं नाव काढलं तवा? हनुवटी छातीले टेकली होती का नाई? राजपाल, तू सांग."

"टेकली होती," राजपालला कबूल करावं लागलं. "पन थे दात काढनारी पोट्टी?"

"थे हरीओमची भाची, हॉटेलात कामाले हाय, मंजू सांगत होती. ऊसतोडीले टोळी घेऊन जातांना मुकादम कसा हसे, आठवते? हसनं त्याचं कामच होतं. त्याच्या हसन्यानं आपल्याले लय फसवलं, बापा. हा मानूस तं निरा रडक्या तोंडाचा हाय. फिरव गाडी."

*

जीप परत आली तेव्हा जानराव पायरीवर हरीओमच्या शेजारी बसले होते. लखीराम उतरला आणि तुरीची फांदी त्यानं त्यांच्या पायाशी ठेवली.

"इवाई, हे खराटे तुमचेच न?"

पकडलेल्या चोरासारखे जानराव उठून उभे राहिले. त्यांनी गल्लीत इकडेतिकडे पाहिलं. "हळू बोला, भाऊ! कोनी आयकन!"

"स्लॅब गळते?"

"...नाई."

"आता सांगा. माह्यी मंजू कशी हाय?"

सगळे जानरावांकडे पाहत होते. त्यांनी आभाळाकडे पाहिलं, हरीओमकडे पाहिलं. एकदा वाटलं, आज सांगून टाकावं. मग भुवया खाली आल्या, ओठ खाली आले, हनुवटी पार छातीला लागली.

"काई खास नाई," ते पुटपुटले.

लखीरामनं मांडीवर थाप मारली. "आना सुपारी!"

हरीओमनं फोन लावला. त्याला काही बोलता आलं नाही, म्हणून त्यानं तो नुसता हसणाऱ्या लखीरामपुढे धरला, आणि पलीकडून मंजूचं रडणं ऐकू आलं तेव्हा, आज पहिल्यांदाच, तो घाबरला नाही.

जेवणं झाली. गोमतीबाईंनी पानावरून उठून हात धुतला आणि थेट कस्तुराबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"इहीनबाई, सुपारी फुटली, पन आपली भेट राह्यली. एकीनं रडून सोयरीक होत नाई. तुमी बी रडा लागते."

कस्तुराबाईंनी सासूच्या फोटोकडे पाहिलं. "मले येत नाई," त्या म्हणाल्या.

"येते. सोपं हाय. मान इथं ठेवा. पदर घ्या वरून, मंग कोनाले दिसत नाई. अन जे मनात हाय त्याचं नाव घ्या."

कस्तुराबाईंनी मान त्यांच्या खांद्यावर ठेवली. आधी नुसतं घशात काहीतरी खरखरलं. राजपाल पाण्याचा पेला घेऊन पुढे आला. "हं... हं..." कस्तुराबाई प्रामाणिकपणे म्हणत होत्या, म्हशीचं दूध काढताना म्हणतात तसं. गोमतीबाई पाठीवर थोपटत सूर धरून होत्या. आणि मग पदराखालून एकदम फुटलं.

"योगे... माह्या योगे गं..."

स्वयंपाकघरात भांडी गोळा करणारी योगिनी थांबली.

"तुह्या पाठवनीले माहा जीव तुटला गं... दाराआडून सासूबाईनं डोळे मोठे केले, शुभाच्या टायमाले रडशीन तं पोरीचं वाईट होईन म्हने... मी दातावर दात देऊन उभी राह्यली गं... तू गेली अन मी मागच्या कोठ्यात... कडब्यात तोंड खुपसून..."

पुढचं सुरातही मावेना. जानराव खांबाला धरून उभे होते. हे त्यांनाही माहीत नव्हतं. इतकी वर्षं शेजारी झोपणाऱ्या माणसाच्या तोंडावरून त्यांनी कधी काही वाचलंच नव्हतं.

योगिनी दारात आली. हात खरकटेच. "माय," ती म्हणाली, "बावीस वर्सं उशीर केला तुनं."

कस्तुराबाईंनी पदर बाजूला केला. नाक लाल, कुंकू गालावर उतरलेलं. ते तोंड घरात कोणी कधी पाहिलं नव्हतं. "मंग काय झालं?" त्या म्हणाल्या. "गाडी उभीच हाय न दारात? शेलूवरूनच जाते थे. बस. करते मी तुह्यी पाठवनी."

आणि तशी पाठवणी झाली. बावीस वर्षं जुन्या नवरीची, सोबत नोकरीला लागलेली लेक, ओटीत पुरणाच्या पोळ्यांचा डबा. गोमतीबाई एका बाजूनं सूर देत होत्या, कस्तुराबाई दुसऱ्या बाजूनं उचलत होत्या, आणि आता त्यांना थांबवणं अवघड झालं होतं. गल्लीतल्या बाया दारादारांत आल्या. कोण गेलं, त्यांनी विचारलं. "कोनी नाई गेलं," जानरावांनी मोठ्यानं सांगितलं. "लेक सासरी चालली." संस्कृतीचं हसू कधी गळून पडलं ते तिच्या लक्षातही आलं नव्हतं, ती ओढणीनं नाक पुसत होती.

जीप निघाली. कस्तुराबाईंचा सूर वळणापर्यंत ऐकू येत राहिला. निळी टाकी जवळ आली तसं राजपालनं मागं वळून पाहिलं. खिडकीशी बसलेल्या योगिनीच्या भुवया खाली ओढल्या होत्या, ओठ घट्ट मिटले होते, हनुवटी छातीला टेकली होती.

"ताई," तो चाचरत म्हणाला, "काई चुकलं का आमचं?"

लखीरामनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"बोलू नको तिच्याशी," तो म्हणाला. "यंदा तूर लय चांगली हाय."